मधला पत्रा

इंजिन या वस्तूशी माझा संबंध बोरिवली लोकलपुरताच, असे मी एकदा भाच्यासमोर बोलून गेलो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मामा, लोकलला इंजिन नसतं. डब्यांच्या खालीच मोटारी असतात." इतकी वर्षे ज्या गाडीला लोंबकळत मी कॉलेज गाठले तिला इंजिनच नाही, हे मला त्या दिवशी कळले. पुढे जे सांगणार आहे त्याला मी कितपत अधिकारी आहे, याची वाचकांना यावरून कल्पना यावी. मी मराठीचा प्राध्यापक. समास सोडवणे आणि उत्तरपत्रिकांतले ऱ्हस्वदीर्घ लाल शाईने पकडणे हा माझा धंदा. घरात फ्यूज उडाला तर मी मेणबत्ती शोधतो. फ्यूज आमच्या सौ. बसवतात.

भाचा माझ्या थोरल्या बहिणीचा. ताई साताऱ्याला असते, भावोजी एस. टी.च्या वर्कशॉपात होते. त्यामुळे नटबोल्टांशी या मुलाची ओळख अक्षरओळखीच्या आधीची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तो अंधेरीच्या एम. आय. डी. सी.त पत्रेकामाच्या एका कारखान्यात लागला आणि आमच्याकडे राहायला आला. तिथे विजेच्या मीटरांच्या पेट्या बनत. दिवसभर पत्रा कापणे, वाकवणे, भोके पाडणे. संध्याकाळी घरी आला की हाताला मशीनच्या तेलाचा वास आणि तोंडात गाण्याची शीळ. असा समाधानी मुलगा. त्याला नाद लागला तो २०१६ च्या फेब्रुवारीत, आणि त्याला तिकडे घेऊन गेलो होतो मीच.

वांद्रे-कुर्ला संकुलात तेव्हा 'मेक इन इंडिया'चा सप्ताह भरला होता. कांदिवलीच्या चारकोपला राहणारे कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान तिथे मांडलेले आहे, असे वर्तमानपत्रात आले. चारकोप म्हणजे आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर! शेजारच्या उपनगरात माणसे गच्चीवर पापड वाळत घालतात असा माझा समज. तिथे कोणी विमान वाळत घातले असेल हे मनातही आले नव्हते. रविवार साधून आम्ही दोघे गेलो.

यादव व्यवसायाने वैमानिक. विमान बांधण्याचा खटाटोप त्यांनी १९९८ पासून मांडलेला. आधीचे प्रयत्न अपुरे राहिले, पण माणूस हटला नाही. पाच मजली इमारत, लिफ्ट नाही. लेथपासून वेल्डिंगच्या यंत्रापर्यंत सारे सामान जिन्याने वर गेले. एकशे ऐंशी किलोचे इंजिनही त्याच अरुंद जिन्यातून चढवले. आमच्या इमारतीत गोदरेजचे कपाट तिसऱ्या मजल्यावर नेताना काय महाभारत झाले होते ते मला आठवले. एकत्र कुटुंबातल्या साऱ्यांनी पदरचा पैसा ओतला, गच्चीवर ताडपत्री बांधून पावसाळ्यामागून पावसाळे काढले आणि शेवटी तयार विमानाचे भाग सुटे करून ते क्रेनने खाली उतरवले. पुढची हकीकतही इथेच सांगून टाकतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात त्या विमानाची नोंद व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, उडण्याचा परवाना २०१९ च्या ऑक्टोबरात मिळाला आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेले. जमिनीवरून आकाशात जायला जितकी वर्षे लागली तितक्यात एखादा मुलगा जन्मून कॉलेजात येतो.

त्या रविवारी विमानाभोवती ही गर्दी. लोक पंख्यापाशी उभे राहून फोटो काढत होते, आयाबाया मुलांना उचलून आतली आसने दाखवत होत्या. भाचा मात्र एकाच जागी खिळलेला. त्याची नजर पंखांवर नव्हती, शेपटीवर नव्हती. इंजिन संपते आणि बसायची जागा सुरू होते तिथे होती. परतीच्या गाडीत दादर येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, इंजिन आणि माणूस यांच्या मध्ये काय असतं माहीत आहे?"

"काय?"

"एक पत्रा. फक्त एक पत्रा."

त्या पत्र्याला इंग्रजीत फायरवॉल म्हणतात. मी लगेच 'अग्निरोधक भित्ती' असा प्रतिशब्द काढला. तो त्याने ऐकून घेतला, मोठ्यांचे ऐकावे म्हणून. आमच्या कॉलेजच्या कचेरीत संगणकालाही फायरवॉल असते, पण तिचे काम कारकुनाला हवी ती फाईल न उघडू देणे एवढेच. विमानातली भिंत खरोखरीची. इंजिनाला आग लागलीच, तर ती माणसापर्यंत पोचू नये म्हणून. नियम असा की अकराशे अंश सेल्सिअसची ज्वाला पंधरा मिनिटे लागली तरी या भिंतीने वाट देता कामा नये. ॲल्युमिनियम साधारण सहाशे साठ अंशांवर वितळते. म्हणून बाकीचे विमान त्याचे असले तरी ही भिंत पोलादाची. आणि तिची जाडी किती म्हणाल? अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी! लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाएवढी. त्या कार्डाच्या एका बाजूला तापलेले इंजिन, पेट्रोलच्या नळ्या, लाल झालेला धुराडा. दुसऱ्या बाजूला आपले पाय. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली हे आम्ही मुलांना शिकवतो. ती उडवणारेही असतात हे मला चाळिशीत समजले.

राईट बंधूंच्या विमानाला ही भिंत नव्हती. १९०३ साली त्यांना कोणी हवे तसे इंजिन देईना, तेव्हा त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या यंत्रज्ञाने सहा आठवड्यांत एक करून दिले. ते सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन खालच्या पंखावर उजव्या अंगाला आणि वैमानिक त्याच्या शेजारी पालथा पडलेला. मधे काही नाही. पहिल्या दिवशी उडण्याचाच आनंद एवढा असेल की जळण्याचा विचार कोणाला सुचला नसावा.

तर २०१७ च्या अखेरीस यादवांच्या विमानाची नोंद झाली आणि आमच्या भाचेबुवांना वाटले, आता रस्ता उघडला. त्याने परदेशातून एका दोन आसनी विमानाचे नकाशे मागवले. नकाशांची ती भेंडोळी आली त्या दिवशी सौ.नी विचारले, "हे बांधणार कुठं?" आमची जागा दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, गॅलरी धरली तरी त्यात विमानाचा पंख नुसता आडवा ठेवायचा तर शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात शिरेल. पण त्यावर त्याने विचार केलेला होता. सगळे विमान नव्हे, आधी भिंत. नकाशाप्रमाणे ती मीटरभर रुंद आणि त्याहून थोडी कमी उंच. गॅलरीत सहज मावते. भिंत जमली तर पुढचे, न जमली तर एका पत्र्याचे नुकसान. घर बांधताना आधी एक भिंत उभी करून बघावी तसा हा प्रकार! पण मीटरांच्या पेट्या करणाऱ्या मुलाला पत्र्यापासूनच आरंभ करावासा वाटला, यात मला वावगे दिसेना.

अडचण इंजिनाची होती. नकाशे काढले होते ते खास विमानासाठी बनणाऱ्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी. त्याची किंमत ऐकून मी ती पुन्हा ऐकवायला सांगितली. तेव्हा भाच्याने आपल्या मनाशी ठरवले, मारुती जिप्सीचे जुने इंजिन घ्यायचे. सुझुकीची ती इंजिने परदेशात हौशी लोकांनी विमानांत बसवलेली आहेत. मला वाटले, झाले तर मग! एक काढले, दुसरे घातले, मोटारीत घालतात तसे.

इथे मला पहिला धडा मिळाला. मोटारीचे इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेते तेव्हा आपली खरी ताकद देते. विमानाच्या पंख्याला अडीच हजारांच्या आसपास पुरे. म्हणजे मधे वेग उतरवणारा दातेरी चक्रांचा डबा आला. ते पाण्यावर थंड होते. म्हणजे रेडिएटर आला, नळ्या आल्या, पाणी आले. वजन वाढले. आणि विमानात वजन वाढून भागत नाही, ते कुठे वाढले यालाही तितकेच महत्त्व.

"मामा, कावड बघितली आहेत ना? एक घागर जड झाली तर कावडीवाला काय करतो?"

"ती खांद्याजवळ ओढतो."

"तेच करायचं आहे."

भाच्याने पाटीवर गणित मांडले. विमानाच्या तोलाच्या ठिकाणापासून एकशे वीस सेंटिमीटर पुढे ऐंशी किलोचे इंजिन टांगले आहे. त्याजागी एकशे दहा किलोचे टांगायचे, तर तेच तोलाचे गणित राखायला ते सत्त्याऐंशी सेंटिमीटरांवर यायला हवे. म्हणजे तेहेतीस सेंटिमीटर मागे. आणि मागे काय आहे? भिंत! बॅटरी उचलून आसनांच्या मागे टाकली की बरीचशी भरपाई होते, पण सगळी नाही. उरलेल्यासाठी भिंतीलाच आत दबायला लावायचे. इंजिनाच्या पाठीवर जे काही उंचवटे असतात, त्यांच्यासाठी पत्र्यात चौकोन कापून आतल्या बाजूला पोलादी पेटी बसवायची. म्हणजे भिंतीतला कोनाडा. आजोळच्या वाड्यात समईसाठी असायचा तसा. हा शब्द मात्र भाच्याने माझ्याकडून आनंदाने घेतला. फक्त समईच्या कोनाड्याने कोणाची जागा अडत नसे. हा कोनाडा वैमानिकाच्या पायांच्या जागेत शिरतो. तेव्हा तो दोन्ही पायांच्या मधोमध यावा, पायांखालच्या दांड्यांना लागू नये, अशी सगळी कसरत.

उलटही होते म्हणे. स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीचे पोर्टर विमान १९५९ साली साध्या पिस्टन इंजिनावर उडाले. दोन वर्षांनी त्यात टर्बाइन घातले. ते वजनाला हलके, म्हणून तोल राखायला ते पुढे ढकलावे लागले आणि विमानाला मुंगुसासारखे लांब नाक आले. आणि आपल्याकडचे उदाहरण मला कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाले. कोल्हापुराकडच्या हासूर गावचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एच. टी. २ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान रचले. ५ ऑगस्ट १९५१ ला ते पहिल्यांदा उडाले तेव्हा त्यात जिप्सी मेजर जातीचे इंजिन होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या नमुन्यात सिरस मेजर घातले आणि कारखान्यात विमाने बनली ती याच इंजिनावर. पुढे काही विमानांना लायकमिंग इंजिनेही आली. म्हणजे इंजिन बदलण्याचा हा उपद्व्याप एका मराठी माणसाने आमच्या भाच्याच्या कितीतरी आधी निभावलेला. मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "त्यांचं इंजिनही जिप्सी होतं, मामा!" नावाच्या या योगायोगाने त्याला जो हुरूप आला तो माझ्या साऱ्या शिकवणीने आला नसता.

मे महिन्यात आम्ही कुंभारवाड्यातून पत्रा आणला. स्टेनलेस स्टीलचा, अठ्ठावीस गेजचा. दुकानदाराने विचारले, "किचन ट्रॉलीला का?" भाचा हो म्हणाला. खरे सांगितले असते तर त्याने भाव वाढवला असता किंवा पोलिसांना कळवले असते. गुंडाळी करून, वर गोणपाट बांधून, चर्नी रोडहून मालडब्यातून बोरिवलीला आणला. डब्यात एक मासळीवाल्या मावशी होत्या, त्यांनी पाटीला जरा सरकवून पत्र्याला जागा दिली आणि "लेकाच्या लग्नाची तयारी का?" असे विचारले.

जून उलटत आला आणि २८ तारखेला दुपारी घाटकोपरला एक छोटे विमान पडले. जुहूहून चाचणीसाठी उडालेले ते विमान बांधकाम चाललेल्या एका इमारतीपाशी कोसळले. आतली चार आणि रस्त्यावरचा एक, अशी पाच माणसे गेली. ज्या घाटकोपरच्या डोंगरावरून विमाने उतरताना आम्ही रोज पाहतो, तिथली ती धुराची चित्रे दिवसभर दूरदर्शनवर दिसत होती. संध्याकाळी ताईचा फोन आला.

"त्याला सांग, हे सोड म्हणावं."

"अगं, नुसता पत्रा आहे. इंजिनही नाही अजून."

"आज पत्रा आहे. तुझं ऐकतो तो. एकुलता एक आहे रे माझा."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितले नाही. रात्री भाचा बातम्या बघत बसला होता, त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला. मी काही बोलणार तोच तो उठून गॅलरीत गेला आणि गोणपाट सोडून पत्र्यावर नुसता हात फिरवत बसला. तेव्हा बोलणे मला जमले नाही. त्यानंतर रोज उद्यावर टाकत गेलो. ताईचा फोन आला की, "बोललो मी, बघू या," असे अर्धेमुर्धे सांगायचे, आणि रविवारी गॅलरीत बसून पत्रा धरायचा. त्याच्या भाषेत सांगायचे तर दोन्हीकडच्या आचेमध्ये उभा होतो मी, आणि पंधरा मिनिटांचीही माझी हमी नव्हती.

काम मात्र मनापासून चालले होते. लाकडी साच्यावर पत्रा आवळून लाकडी हातोडीने चारही कडा वळवायच्या. टक्, टक्, टक्. एका जागी जोर लावला की पत्रा रुसतो, फुगा धरतो. खालच्या मजल्यावरचे पेन्शनर गृहस्थ दोनदा वर येऊन विचारून गेले. दुसऱ्यांदा मात्र खुर्ची घेऊन बसले आणि पुढे दर रविवारी हजर राहू लागले. चार रविवारांत कडा अशा वळल्या की हात फिरवला तर परातीचा काठ वाटावा.

मग भोके. चार कोपऱ्यांना इंजिनाच्या सांगाड्याचे बोल्ट. त्यांतून जाणारे ओझे मागे विमानाच्या अंगात उतरते. बाकीची पेट्रोलच्या नळीला, तारांना, वेग कमीजास्त करणाऱ्या केबलला. प्रत्येक भोकाला पोलादी बुच, रबराचे नव्हे. कारण रबर आधी जळते आणि भिंत असून नसल्यासारखी होते. आणि बारीकशी फटही राहता कामा नये, कारण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न देता, रंग न दाखवता आत येतो. भाचा हे सांगत असताना मी नकाशावरची मापे वाचून दाखवत होतो. मापे इंचांत, अपूर्णांकांत. तो पेन्सिलीने पत्र्यावर टिंब करी. मला वर्षापूर्वी चाळिशी लागली होती, पण ती नाकावर चढवायचा मला संकोच वाटे. वर्गात मुले हसतील असे वाटायचे. त्या रविवारी ती कपाटात होती.

रात्री एका दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या लेखाची मुद्रिते तपासायला बसलो. मुद्रितांना चाळिशी लावावीच लागते. टेबलावर नकाशाचा तोच कागद पडलेला. सहज नजर गेली. वरच्या दोन बोल्टांचे मधल्या रेषेपासूनचे अंतर लिहिलेले होते: अकरा पूर्णांक तीन अष्टमांश. मी पुन्हा पाहिले. तीनच होते. मी दुपारी वाचले होते, अकरा पूर्णांक पाच अष्टमांश. दोन्ही बाजूंना तेच माप, त्यामुळे दोन्ही भोके सारखीच चुकलेली आणि म्हणून दिसायला अगदी बरोबर! पाव इंचाची चूक. वेलांटी पहिली की दुसरी यावरून मी मुलांचा अर्धा गुण कापतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. गप्प राहावे असा विचार मनात आलाच नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. इंजिन नव्हतेच, सांगाडा नव्हता. चूक उघडी पडायला कदाचित वर्ष लागले असते. आणि तेव्हा सांगाडा बसत नाही म्हणून त्याने नाद सोडला असता, तर ताईचे काम आपोआप झाले असते. माझा हात न लागता! पण हा मुलगा सोडणाऱ्यांतला नव्हता. त्याने भोके कानशीने ओढून लांबट केली असती, बोल्ट कसाबसा घातला असता, आणि मग एक दिवस त्या लांबट भोकांच्या आधारावर तो वर गेला असता. पहाटे साडेपाचला दूधवाल्याची घंटा वाजली तेव्हा तो दाढी करत होता. मी कागद त्याच्यापुढे धरला.

"मी पाच वाचलं. तीन आहे."

त्याने साबण तसाच ठेवून टेप आणली. मोजले. पुन्हा मोजले. मग गॅलरीच्या उंबरठ्यावर बसला. अर्ध्या तोंडावर फेस, समोर पाच रविवारांचे काम.

"ठिगळ नाही का लावता येणार?" मी विचारले. "पत्र्याचंच?"

"बाकी भोकांना लागलं असतं. पोलादाचं, पोलादी रिव्हेटांनी. इथं नाही. इथं ओझं आहे." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मामा, चाळिशी लावत जा."

एवढेच. मला त्याने चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

पुढच्या शनिवारी तो एकटाच कुंभारवाड्याला जाऊन दुसरा पत्रा घेऊन आला. दुसऱ्या वेळी मापे आम्ही छापखान्याच्या पद्धतीने वाचली. मी चष्मा लावून मोठ्याने वाचायचे, "अकरा, पूर्णांक, तीन, छेद, आठ." त्याने तेच उलट म्हणायचे आणि मगच टिंब. शेवटी त्याने कागद घेऊन वाचायचे आणि मी पत्र्यावर टेप लावून तपासायचे. पेन्शनर गृहस्थांनी हिशोब वहीत टिपून ठेवला. कोनाडा कापला तेव्हा तर त्यांनी श्वास रोखून धरला होता. गणपतीपर्यंत भिंत पुरी झाली, कोनाड्यासकट, आणि जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. इंजिन पुढे आले नाही. भाच्याला नाशिककडे विमानदुरुस्तीच्याच कामात नोकरी लागली, तिथे त्याने जागा घेतली, संसार मांडला. इंजिनासाठीचे पैसे तो अजून साठवतो. सुट्टीत आला की माळ्यावरून ती भिंत काढतो, पुसतो, आणि परत ठेवतो. मी तिला कधी अडगळ म्हटले नाही.

पहिला पत्रा मात्र सौ.नी मागून घेतला. कडा वळवलेला, चकचकीत, गंज न चढणारा. शेगडीमागच्या भिंतीवर फोडणीचे डाग पडत, तिथे तो उभा केला. कुंभारवाड्याच्या दुकानदाराला आम्ही जे खोटे सांगितले होते ते जवळजवळ खरे झाले. वरच्या दोन चुकलेल्या भोकांत त्यांनी तारेचे आकडे घालून एकाला झारा आणि दुसऱ्याला सांडशी अडकवली.

त्याच वर्षी ताई भाऊबीजेला आमच्याकडे आली. ओवाळून झाले, आणि ती सवयीने स्वयंपाकघरात शिरून पुऱ्या तळायला बसली. मी दारात उभा होतो. झारा काढताना तिचे लक्ष गेले.

"झकास पत्रा लावलाय की वहिनी. ही भोकं कसली?"

सौ.नी माझ्याकडे पाहिले. म्हटले, आता सांगून टाकावे. चाळिशी, तीन आणि पाच, दोन पत्रे, सगळे सांगितले. घाटकोपरच्या दिवसापासून तिला मी जे अर्धेमुर्धे सांगत आलो होतो तेही.

"म्हणजे तू त्याला सोड म्हणून सांगितलंच नाहीस."

"नाही."

तिने पुरी उलटली. ती फुगली, तांबूस झाली, तेल निथळून ताटात पडली. आणखी एक घातली. मग म्हणाली, "हा चुकलेला. बरोबर केलेला कुठंय?"

भाच्याने माळ्यावरून भिंत उतरवली आणि चादर सोडून दिवाणखान्यात उभी केली. ताईने पदराला हात पुसला आणि तो कोनाड्यात घालून पाहिला.

"इथं काय येणार?"

"इंजिनाची पाठ."

"आणि ह्या अंगाला?"

"माझे पाय."

तिने बोटाच्या नखाने पत्रा वाजवला. "जाळ लागला तर किती वेळ टिकेल हा?"

"पंधरा मिनिटं, आई."

"आणि खाली उतरायला किती लागतात?"

"तीन हजार फुटांवरून, इंजिन बंद ठेवून? पाच. फार तर सहा."

ताई भिंतीकडे बघत उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, लहानपणी बाजाराचा हिशोब करताना हलत तसे. मग स्वयंपाकघरातून तेलाचा वास आला आणि ती, "अगंबाई, तेल तापलं वाटतं, वहिनी, गॅस बारीक करा," असे म्हणत आत गेली.